परतलेलें मूल
(ज्युबिलीनिमित्त डोंगरकडा येथें दिलेलें भाषण)



आनंदाच्या दिवशीं आम्ही एका उदास विषयाकडे आपलें लक्ष वेधीत आहों, याबद्दल क्षमा असावी. निरीक्षणगृहांतून परतलेला एक मुलगा आमच्याकडे आला होता. नांव सांगणें योग्य नव्हे. आम्हीं त्यास पुष्कळ उपदेश केला; तो खालीं मान घालून ऐकत राहिला. त्यास रात्रीं झोंप येत नाहीं, बारीक आवाजानेंहि तो दचकून उठतो, हें त्याच्या आईकडून मागाहून कळलें. विचारावयाचें तेंच आम्हीं विचारलें नव्हतें.

अशा मुलांच्या मनासहि उपचार हवा, हा विचार नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांचा कायदा झाला, आणि १९३७ सालीं टाटांच्या समाजकार्य विद्यालयानें मुलांच्या मानसिक अडचणींसाठीं मुंबईंत चिकित्साकेंद्र उघडलें. तेव्हां आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तो कायदा इकडे लागू नव्हता. आतां तशी सबब उरली नाहीं. २०१५ च्या कायद्यान्वयें प्रत्येक जिल्ह्यास बालन्याय मंडळ असावें लागतें. समुपदेशन व व्यसनमुक्ति हीं पुनर्वसनाचीं अंगें मानलीं आहेत. १६ वर्षें पुरीं झालेल्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याची मानसिक क्षमता तपासतात. मंडळांत बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाचें साहाय्य घेतलेंच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं दिला.

परंतु त्याच्यावर प्रौढाप्रमाणें खटला चालवावा किंवा कसें, हें ठरविण्यापुरतीच ती तपासणी असते. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. उपचारास महिने लागतात, आणि मूल बहुधा त्यापूर्वींच जामिनावर घरीं येतें. जिल्ह्याच्या ठिकाणीं आरंभिलेला उपचार गांवाच्या वेशीपाशीं तुटतो. हळद काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मुलास वारंवार डॉक्टरांकडे नेणें गरीब बापास परवडत नाहीं. शिवाय लोक वेडा म्हणतील ही धास्ती असतेच.

येथें आपलें काम आहे. अशा मुलाबरोबर तारखेस व दवाखान्यास कोणी तरी जावें. मोटारीचें भाडें आपण वर्गणींतून द्यावें. त्याची कथा चावडीवर नेऊं नये. त्याची ओळख छापून प्रसिद्ध करण्यास तर कायद्यानेंच मनाई आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या व्यथेविषयीं मराठींत विनामूल्य सल्ला मिळतो, हें घरोघरीं कळवावें.

त्या मुलास आम्हीं पुन्हां बोलाविलें आहे. या खेपेस आम्ही थोडें बोलूं व पुष्कळ ऐकूं. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.