कासवांचे माहेर



कूर्मावतारास हात जोडणाऱ्या कोकण किनाऱ्यावर कासवांची अंडी मात्र उकरून नेली जात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गावही त्यास अपवाद नव्हते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण आरंभिले. मादी एका वेळी सुमारे १०० अंडी घालते. ती कुंपणाआड तशाच खड्ड्यांत पुरून राखली जातात आणि सुमारे ५० दिवसांनी पिल्ले वर येतात.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरांतच झाली. जे अंडे एकदाच विकता येई, ते राखल्याने दरसाल चार पैसे घरात येऊ लागले. राखणदारी हीच मिळकत झाली.

मात्र या व्यवहारासही मर्यादा हवी. दिव्यांच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी भलतीकडे वळतात. गर्दीच्या पायांखाली घरटी दबतात. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथेही हीच कासवे येतात आणि पर्यटनाचे दिवे तेथेही पोहोचले आहेत. मोठी झालेली मादी जन्मकिनाऱ्याच्या परिसरातच अंडी घालण्यास परतते. ते माहेर शाबूत राहील एवढेच पाहुणे बोलवावेत, यातच यजमान गावाचेही हित आहे.