तबकडीची परिभाषा

संगणक कचेरीतून घरात आला, पण त्याच्याबरोबर आलेले शब्द मात्र अजून आपल्या ओळखीचे झालेले नाहीत. ‘हार्ड डिस्क’ हा त्यांपैकीच एक. नव्या लहान संगणकांत बहुधा फिरती तबकडी नसते. तथापि मोठ्या माहितीकेंद्रांत आणि अनेक घरांतल्या, कचेऱ्यांतल्या यंत्रांत ती अजून राबत आहे. जमिनीचे उतारे आणि लेकीच्या लग्नाची छायाचित्रे जिच्या स्वाधीन करावयाची, तिची भाषा थोडीतरी समजावयास हवी.

‘हार्ड’ म्हणजे ताठ. जुनी फ्लॉपी लवचिक असे. ही तबकडी ॲल्युमिनियमची वा काचेची असते व तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो. १९५६ साली अमेरिकेत आय.बी.एम.ने अशी पहिली यंत्रणा विक्रीस आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत.

ग्रामोफोनची तबकडी आठवून पाहा. तिच्यावर एकच सर्पिल खाच असते आणि सुई त्या खाचेतून घासत जाते. हार्ड डिस्कवर खाच नसते; एकाभोवती एक अशी हजारो अदृश्य वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे ‘ट्रॅक’. ट्रॅकचा लहानसा तुकडा म्हणजे ‘सेक्टर’. निरनिराळ्या तबकड्यांवरची एकाखाली एक येणारी वर्तुळे मिळून होतो तो ‘सिलिंडर’. सुईचे काम करणाऱ्या भागास ‘हेड’ म्हणतात. मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर, हवेच्या पापुद्र्यावर, ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस त्या अंतराहून हजारो पट जाड असतो. धक्का बसून हेड तबकडीवर आपटले, की तो ‘हेड क्रॅश’. तेथील अक्षरे बहुधा कायमची जातात.

आता ‘डिलीट’ आणि ‘फॉरमॅट’. दफ्तरखान्याच्या सूचीतून एखादी नोंद खोडली, तरी तो रुमाल फडताळात तसाच राहतो. फिरत्या डिस्कवर डिलीट केल्याने बहुधा एवढेच घडते. झटपट केलेले फॉरमॅट म्हणजे नवी कोरी सूची. जुने रुमाल जागच्या जागीच. त्यांच्यावर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जाणकार ते उघडू शकतो. म्हणून जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर आद्यंत नवे लेखन करावे, नाहीतर तबकड्याच मोडून टाकाव्या. उलट, हवे असलेले चुकून पुसले गेले, तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता यंत्र ताबडतोब बंद करावे.

‘पार्टिशन’ ह्या शब्दानेही पुष्कळांची फसगत होते. पार्टिशन म्हणजे एकाच घरात घातलेली आडभिंत. एका खोलीतले सामान दुसरीत ठेवले म्हणून घराला लागलेल्या आगीतून ते वाचत नाही. ‘बॅकअप’ हे नाव खऱ्या अर्थाने शोभते ते वेगळ्या साधनावर आणि शक्यतो वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीला.

आपल्याकडे कितीतरी जुने ग्रंथ आज वाचावयास मिळतात, ते गावोगावी लोक पोथ्यांच्या नकला उतरवीत राहिले म्हणून. मूळ कागद केव्हाच जीर्ण झाले. तबकडीही आज ना उद्या थांबणारच. त्याआधी दुसरी नकल करून ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.