उंदराच्या शुक्राणूतली प्रथिनांची बेगमी



उंदराच्या वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे ३५ दिवस लागतात. त्यातल्या अखेरच्या दोनेक आठवड्यांत गोल पेशीला शेपूट फुटतं, डोकं लांबट होतं आणि आतला डीएनए कमालीचा आवळला जातो. हे आवळण्याचं काम प्रोटामाइन नावाची प्रथिनं करतात. बाझलच्या फ्रीडरिश मीशर यांनी १८७४ मध्ये ऱ्हाईन नदीतल्या सामन माशाच्या शुक्राणूंतून प्रोटामाइन प्रथम वेगळं केलं.

इतर पेशींत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडताना हिस्टोन जातात, त्यांच्या जागी काही काळ मधली प्रथिनं येतात आणि शेवटी प्रोटामाइन.

पण इथे एक अडचण आहे. डीएनए आवळला की जनुकं वाचता येत नाहीत, आणि प्रथिनं तर त्याच वेळी हवी असतात. म्हणून पेशी पावसाळ्याआधी घरात बेगमी करावी तसं करते. ती गोल असतानाच प्रोटामाइनच्या जनुकांवरून आरएनए तयार करते आणि जवळपास आठवडाभर नुसता सांभाळून ठेवते. काही प्रथिनं या आरएनएला धरून असतात, त्यामुळे त्याचं वाचन होऊन प्रथिन बनणं थांबतं. वेळ आली की बंधन सुटतं आणि प्रोटामाइन साचू लागतं.

हा उशीर खरोखर गरजेचा आहे का? अमेरिकेत रॉबर्ट ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते पडताळलं. आरएनएच्या ज्या शेवटच्या भागामुळे त्याचं वाचन थोपवलं जातं, तो त्यांनी उंदरांत बदलला. प्रोटामाइन वेळेआधीच तयार झालं, केंद्रक अकाली आवळलं गेलं, नर निर्बीज झाले आणि काहींत तर पेशींची घडणच अर्ध्यावर अडली. प्रथिन तेच होतं, फक्त वेळ चुकली होती. प्रोटामाइनचा साठा कमी पडला तरीही उंदरांच्या प्रजननात बिघाड होतो.

माणसाच्या शुक्राणूत दोन प्रकारची प्रोटामाइनं असतात आणि त्यांचं प्रमाण साधारण सारखं असतं. वंध्यत्व असलेल्या काही पुरुषांत ते बिघडलेलं आढळतं. वीर्याच्या नेहमीच्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. प्रोटामाइन त्यात मोजलं जात नाही. तेव्हा संख्या चांगली आली, एवढ्यावरून पुरुषात दोष नाही असं धरून चालू नये आणि मूल न होण्याचा सगळा ठपका बाईवर ठेवू नये.