दमाचे खेळ आणि शरीराची घडण
(मिरजगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



पहाटे आम्ही फिरावयास निघतो तेव्हा नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेने आपली मुले पोलीस भरतीसाठी धावताना दिसतात. त्यांच्यापैकी काहीजण रात्रीचे जेवण सोडतात, असे आमच्या कानी आले आहे. कारण विचारता उत्तर मिळाले, "गुरुजी, साबळेसारखे अंग करायचे आहे." आजचा विषय आम्ही त्यावरूनच घेतला.

श्री. अविनाश साबळे हे शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे. लहानपणी शाळेची वाट त्यांनी पायांनीच तुडविली. सैन्यात गेल्यावर सियाचेनच्या थंडीत व राजस्थानच्या उन्हात चाकरी केली. मध्यंतरी वाढलेले वजन त्यांनी सुमारे २० किलोंनी उतरविले; पण ते जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, कसून सराव करून. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळविले, वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या असतात. प्रत्येक वेळी स्वतःचा देह स्वतःच उचलावा लागतो. म्हणून या खेळात अंग सडपातळ व पोटऱ्या चिवट लागतात. अनावश्यक वजन हे येथे ओझेच होय.

आता दुसरे उदाहरण पाहा. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे श्री. दत्तू भोकनळ. विहिरी खणण्याचे काम केलेला हा तरुण सैन्यात गेला आणि तेथे वल्ही मारण्यास शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नौका चालविण्याच्या शर्यतीत त्याचा १३ वा क्रमांक आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळाले. त्याची २००० मीटरची शर्यत सुमारे सात मिनिटांची. म्हणजे काळ जवळजवळ साबळ्यांइतकाच, छातीचा भाताही तसाच चालावयाचा. परंतु देह मात्र निराळा! उंच, रुंद पाठीचा, भरदार मांड्यांचा. कारण उघड आहे. येथे वजन नौका वाहते. लांब हात व भक्कम पाठ हेच भांडवल. हृदय दोघांचेही मोठे होते. पण वल्हे ओढताना रक्ताचा दाब फार चढत असल्यामुळे वल्हेकऱ्याच्या हृदयाची भिंतही जाड होते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

पोहणाऱ्यास पाणी तोलते. थंड समुद्रात तर अंगावर थोडी चरबी असणे उपकारकच. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ पर्यंत जगातील सात अवघड सागरी मार्ग पोहून पार केले. पोहणे किंवा सायकल यांनी दम वाढतो, मात्र पायांच्या हाडांना धावण्याइतकी बळकटी येत नाही. हाडाला जमिनीचा आघात लागतो. (आपले वारकरी पंढरपूरपर्यंत चालतात, त्यांचे गुडघे कुरकुरत असले तरी हाडे खणखणीत असतात, हे आमचे आपले निरीक्षण!)

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आमच्या नोकरीच्या काळात आठवीच्या वर्गात एक थोराड मुलगा होता. धावण्यात तो नेहमी शेवटी येई. एकदा स्पर्धेसाठी नावे लिहिताना आम्ही भर वर्गात म्हणालो, "तू कशाला? तू बैलगाडीतून ये." वर्ग हसला, तोही हसला. पुढे त्याने खेळाच्या तासाला येणेच सोडले. हाच मुलगा उन्हाळ्यात विहिरीत तास तास पोहत असे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले होते! तरीही दोन गोष्टींची सांगड आम्हांस घालता आली नाही. शाळेत दमाचा खेळ म्हणजे धावणे, एवढेच आम्ही जाणत होतो. २०१६ साली भोकनळांचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले आणि तो मुलगा आठवला.

भरतीची १६०० मीटरची धाव पुरुष उमेदवारांना सक्तीचीच आहे, तेथे इलाज नाही. परंतु त्यासाठी उपाशी धावणाऱ्या मुलाचे मांस झडते आणि पाय दुखावतात. पालकांनी भाकरी-कालवण, दूध व झोप यांकडे लक्ष द्यावे. आणि संघाने शिष्यवृत्तीच्या निधीतून दरवर्षी निदान दोन मुलामुलींस पोहण्याच्या वा वल्ह्याच्या प्रशिक्षणास पाठवावे, अशी आमची विनंती आहे.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच विहिरीवर तो आपल्या कन्येस पोहावयास शिकवीत होता. आम्ही काठावर बसून होतो. तिचे हात लांब आहेत.