गाडी लागते ती कानाला

खोपोली मागे पडली, की बसमधल्या गप्पा हळूहळू थांबतात. भोर घाटाची वळणे सुरू होतात. कुणी लिंबू हुंगतो, कुणी खिडकीशी सरकतो. लोणावळ्याला उतरल्यावर घरचे म्हणतात, "निघताना वडे खाल्लेस ना, म्हणून लागली गाडी!" पोर आधीच अर्धे झालेले, त्यात हा ठपका. त्या पोराची बाजू आज तुमच्यापुढे मांडायची आहे.

खरा प्रकार सुरू होतो कानात. ऐकण्याच्या यंत्राशेजारीच तीन दिशांना वळलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या. गाडी वळली, की डोक्याबरोबर नळ्या वळतात, द्रव मात्र क्षणभर मागे रेंगाळतो. तेवढ्यावरून मेंदूला कळते, आपण वळलो. पण डोळे पुस्तकात असले तर ते सांगतात, छे, आपण तर जागच्या जागी! ही विसंगत वर्दी मेंदूच्या देठात पोहोचते आणि तिथून व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे जठरापर्यंत.

कानातले हे यंत्रच नसले तर? वँग आणि चिन या संशोधकांनी 1956 साली ते दाखवून दिले. दोन्ही कानांतली तोलाची इंद्रिये काढलेल्या कुत्र्यांना झोपाळ्यावर झुलवले, तरी ती ओकली नाहीत. ऐकायला हे बरे वाटत नाही. पण आपले ज्ञान मुक्या जनावरांच्या जिवावर आले आहे, ते लपवू नये. उंदराला तर ओकताच येत नाही. त्याला गरगर फिरवले, की तो पांढरी माती खाऊ लागतो. त्याची मळमळ ओळखायची ती यावरून.

आता जठराकडे वळू. माणसाच्या जठराची लय मिनिटाला साधारण 3 लाटांची. मळमळू लागले, की ती बिघडते, मिनिटाला 4 ते 9 पर्यंत धावते. पण जोर वाढत नाही; उलट जठर सैल पडते, अन्न पुढे सरकेनासे होते. जाते भरभर फिरावे आणि पीठ पडू नये, तशातली गत! ओकारी काढतात तेही श्वासपटल आणि पोटाचे स्नायू. जठर बिचारे मध्ये दाबले जाते.

लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केले आणि नौलीसारख्या क्रियांत पोटातला दाब मोजला. नौली साधणारा पोटाचे बाहेरचे स्नायू हवे तसे फिरवतो. जठराच्या स्नायूला मात्र आपण असा हुकूम देऊ शकत नाही. मग मुलाला "जरा दम धर" म्हणून काय होणार?

त्याला पुढच्या बाकावर बसवा, पुस्तक मिटायला लावा, दूर नागफणीच्या सुळक्याकडे पाहू द्या. डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर मुंबईहून येताना ती पनवेलच्या आसपासच द्यावी. घाटात मळमळू लागल्यावर दिलेली गोळी त्या थबकलेल्या जठरातच पडून राहते.