एकाचं लक्ष फोटोवर, दुसऱ्याचं पाण्यावर

पाऊस सुरू झाला की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "आम्ही दोघं फिरायला जातोय, धबधब्याचे रीलमधल्यासारखे दुधाळ फोटो फोनवर कसे काढायचे?" तर आजचा भाग त्यावरच. तलाव, नदी आणि धबधबा, तिघांचे फोटो कसे काढायचे, आणि तेही दोघं सोबत असताना.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, फोटोग्राफर नाही. पण मी आणि माझा नवरा गेली पाच-सहा वर्षं सुट्टी मिळाली की पाण्याच्या मागे फिरतोय. एक फोन माझा, एक त्याचा, एक छोटा ट्रायपॉड आणि एक जुना कॅमेरा, एवढंच सामान. त्यातून जे कळलं ते सांगते.

उदाहरण म्हणून एकच ठिकाण घेऊ, म्हणजे गोंधळ नको. भंडारदरा. कारण इथे एकाच नदीची तिन्ही रूपं एका दिवसात बघता येतात. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, विल्सन धरणामागे तिचा तलाव होतो, आपण त्याला आर्थर लेक म्हणतो. हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. धरणातून पुढे निघाली की दहाएक किलोमीटरवर ती रंधा धबधब्यात उडी मारते. मग अकोले, संगमनेर करत नेवाशाच्या पुढे गोदावरीला मिळते. म्हणजे तलाव, नदी, धबधबा, सगळं एकच पाणी. फोटो काढायची पद्धत मात्र तिन्हीकडे वेगळी.

आधी तलाव

तलावाचा फोटो म्हणजे प्रतिबिंबाचा फोटो, आणि प्रतिबिंबाचा शत्रू म्हणजे वारा. सकाळी लवकर वारा बहुतेक पडलेला असतो. ऊन चढलं, जमीन तापली की वारा सुटतो आणि पाण्यावर सुरकुत्या येतात. त्यामुळे हॉटेलचा नाश्ता करून मग निघू, असं असेल तर प्रतिबिंब विसरा. सूर्योदयाच्या वेळी पाण्याजवळ असायचं.

भंडारदऱ्यात धरण तलावाच्या पूर्वेच्या टोकाला आहे आणि रतनगडाचे डोंगर पश्चिमेच्या अंगाला. म्हणजे सकाळी धरणाच्या बाजूने बघितलं तर सूर्य आपल्या पाठीशी आणि कोवळं ऊन समोरच्या डोंगरांवर. संध्याकाळी उलटं, सूर्य समोर आणि डोंगर काळे. दोन्ही सुंदर, पण दोघांचे चेहरे दिसायला हवे असतील तर सकाळच बरी.

दुसरी गोष्ट, फोन खाली न्या. उभं राहून छातीच्या उंचीवरून फोटो काढला तर पाण्याचा तळ आणि गढूळपणा जास्त दिसतो. गुडघ्यावर बसून फोन पाण्याच्या जवळ नेला की आपण पाण्याकडे तिरकं बघतो, आणि जितकं तिरकं बघाल तितका प्रकाश जास्त परावर्तित होतो. अकरावी-बारावीच्या फिजिक्समधलंच आहे हे. फोन तोच, जागा तीच, फक्त चार फूट खाली. करून बघा.

मग नदी

नदीत आपल्याला बहुतेक वेळा उलटं हवं असतं. चकाकी नको, खालचे दगड दिसायला हवेत. त्यासाठी पोलरायझर फिल्टर असतो. फोनला नसेल तर एक जुगाड आहे. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच फोनच्या लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात पाण्यावरची चमक गायब होते आणि तळ दिसायला लागतो. गॉगल धरायला दुसरा माणूस सोबत आहेच! तलावावर मात्र हे करू नका, कारण प्रतिबिंबसुद्धा चमकच आहे, तीही जाईल.

आणि धबधबा

आता मुख्य प्रश्न, ते दुधासारखं पाणी. ते दिसतं कारण शटर जास्त वेळ उघडं असतं आणि तेवढ्या वेळात पाणी हललेलं असतं. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तर प्रत्येक थेंब गोठतो. पाव सेकंद ठेवला तर पाण्याचे धागे दिसतात. एक-दोन सेकंद ठेवले तर सगळं मऊ, धुक्यासारखं. मला स्वतःला पाव ते अर्धा सेकंद आवडतो, पाण्याचा जोर दिसतो तरी.

अडचण अशी की दिवसा पाव सेकंद शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक येतो. म्हणून कॅमेऱ्यावर एनडी फिल्टर लावतात, लेन्सचा गॉगलच म्हणा. एनडी ६४ म्हणजे प्रकाश चौसष्टाव्या भागावर आला. आधी सेकंदाच्या साठाव्या भागात येणारा फोटो आता साधारण एक सेकंद घेणार. हिशोब सोपा आहे.

फोनवाले दुसरी युक्ती करतात. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर 'लाँग एक्स्पोजर' निवडा. फोन त्या दोन-तीन सेकंदांतल्या फ्रेम्स एकत्र करतो, एक प्रकारची सरासरीच. दगड सगळ्या फ्रेम्समध्ये एकाच जागी, म्हणून ते स्पष्ट राहतात. पाणी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीकडे, म्हणून ते पुसट होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही असा मोड असतो, नाहीतर प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात कमी ठेवून शटर वाढवता येतं. ढगाळ हवा किंवा सूर्य मावळतानाची वेळ त्याला उत्तम. फोन कशावर तरी टेकवलेला हवा आणि टायमर लावलेला हवा, कारण बटण दाबल्यानेही फोन हलतो.

शिवाय पांढऱ्या पाण्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा. नाहीतर धबधब्याच्या जागी नुसता पांढरा पट्टा येतो आणि त्यातलं काहीच एडिटिंगमध्ये परत मिळत नाही. अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, जळलेला पांढरा नाही.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका. गार काचेवर बाहेरची दमट हवा लगेच धुकं धरते. दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या. तोवर चहा, भजी, काय ते.

आता खरं बोलायचं ते

इथपर्यंतचं यूट्यूबवरही मिळेल. पण फोटो काढणाऱ्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, हे कोणी फारसं सांगत नाही. स्क्रीनवर चौकट दिसते, चौकटीबाहेरचं जग बंद. धबधब्याच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. त्यात पाण्याचे फोटो म्हणजे ओले दगड, शेवाळ आणि "अजून एक पाऊल मागे घे ना".

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. ते सगळे एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते. पाणी वाढलं तेव्हा काठ अगदी जवळ होता, पण पोहोचता आलं नाही.

पाणी इतकं पटकन कसं वाढतं? कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडायची गरजच नसते. वर डोंगरात सर आली की काही मिनिटांत तेच पाणी खाली ओढ्यात येतं. तुमच्याकडे ऊनही असू शकतं. धरणाखाली तर पावसाचाही संबंध नाही, दार उघडलं की पाणी. रंध्याला किती पाणी असणार हे बरंचसं भंडारदऱ्यातून किती सोडलं यावर ठरतं. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉलही तसाच.

बातमीत आपण वाचतो, 'एक हजार क्युसेक विसर्ग'. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लिटर. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला. आणि माणसाचा तोल जायला जेमतेम घोट्याच्या वरपर्यंतचं वेगवान पाणी पुरतं.

म्हणून आमचा नियम आहे. एकाचं लक्ष फोटोवर असेल तेव्हा दुसऱ्याचं पाण्यावर. दुसऱ्याने फोन खिशात ठेवायचा. रील नाही, व्हॉट्सॲप नाही. त्याने तीन गोष्टी बघायच्या. पाण्याचा रंग गढूळ होतोय का? पानं, काड्या वाहत यायला लागल्या का? आवाज वाढतोय का? यातलं एकही दिसलं की "निघ" म्हणायचं. आणि "निघ" म्हटलं की निघायचं. "एकच मिनिट" नाही, "फक्त हा एक" नाही. वाद घालायचाच असेल तर वर, रस्त्यावर जाऊन.

दोन वर्षांपूर्वी रतनवाडीकडच्या एका ओढ्यावर मी ट्रायपॉड लावून बसले होते. फ्रेम मस्त जमली होती. नवरा म्हणाला, "पाणी चहासारखं दिसायला लागलंय, निघ." आम्ही सगळं उचललं, वर आलो. वीसेक मिनिटांनी बघितलं तर मी बसले होते तो दगड दिसतच नव्हता. त्यावर आम्ही फार काही बोललो नाही, गाडीत बसून बिस्किटं खाल्ली. फोटो मिळाला नाही त्या दिवशी. चालतं.

हा नियम नुसता सुरक्षेचाच नाही बरं का. यातून अजून एक गोष्ट होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही कामं बदलतो. त्यामुळे एकच माणूस सतत फोटोग्राफर आणि दुसरा सतत मॉडेल, असं होत नाही. तुमच्या गॅलरीत बघा, ट्रिपच्या दोनशे फोटोंमध्ये तुमच्यापैकी एक जण किती फोटोंत आहे? बऱ्याच जोडप्यांत एकाचेच फोटो असतात, कारण दुसरा कायम कॅमेऱ्यामागे. पुढे दहा वर्षांनी अल्बम बघताना तो माणूस ट्रिपला होता की नाही, असं वाटायला नको.

दोघांना एकत्र हवं असेल तर दहा सेकंदांचा टायमर आणि कोरड्या, सपाट जागेवर ट्रायपॉड. धबधबा मागे दूर राहू द्या. रंध्याला रेलिंगच्या आतूनच फोटो चांगला येतो, कारण तिथून उंची कळते. शेजारी माणूस उभा असला की धबधबा केवढा आहे ते लगेच समजतं. हिरव्या डोंगरासमोर पिवळा किंवा लाल रेनकोट घाला, उठून दिसाल. लाँग एक्स्पोजर असेल तर श्वास रोखून स्तब्ध. हसू आलं की फोटो गेला, आणि हसू येतंच.

रात्री हॉटेलवर परतल्यावर दोघांनी मिळून दहाच फोटो निवडा. बाकीचे तिथेच उडवा. कोणता ठेवायचा यावर जी भांडणं होतात ना, ती ट्रिपमधली मजेदार भांडणं असतात.

जायचं कधी? माझं मत सप्टेंबरचा शेवट. बहुतेक वर्षी धरण भरलेलं असतं, धबधब्यांना पाणी असतं, डोंगर हिरवे आणि आकाश अधूनमधून निळं. भर जुलैत गेलात तर निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि धरणाच्या विसर्गाची बातमी बघा. एखादी जागा बंद केली असेल तर बंद म्हणजे बंद. शॉर्टकट दाखवणारा कोणी भेटला तरी. आणि गावातले मामा-मावशी म्हणाले, "खाली उतरू नका," तर त्यांचं ऐका. ते पाणी त्यांनी लहानपणापासून बघितलंय.

चला, आज एवढंच. या वीकेंडला निघणार असाल तर हा भाग तुमच्या जोडीदाराला आत्ताच पाठवा, आणि "निघ" म्हटलं की निघायचं, हे घरूनच ठरवून टाका. फोटो काढलेत की आम्हाला नक्की पाठवा. फक्त दोघंही दिसले पाहिजेत हां! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.