दुःखाला वस्तीतच वाचा फुटू द्या

(कोलकात्यातील मराठी साथींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



1946 साली बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं ते बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. त्याच बंगालच्या राजधानीत आज मी नैराश्याबद्दल बोलणार आहे, कारण तोही आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली याच शहरात इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली. 1940 मध्ये लुंबिनी पार्क रुग्णालय सुरू झालं. एवढा जुना वारसा. पण तो वस्तीपर्यंत किती पोचला? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्या 100 पैकी सुमारे 85 जणांना उपचारच मिळत नाहीत.

म्हणून रत्नाबोली राय यांच्या 'अंजली' संस्थेचा 'जनमानस' हा उपक्रम मला मोलाचा वाटतो. शहरालगतच्या राजारहाट-गोपालपूरसारख्या भागात, नगरपालिकेला सोबत घेऊन, त्यांनी वस्तीतल्याच बायकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. या बायकांकडे पदवी नाही. पण समोरची बाई कशाने खचली आहे, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

असं काम खरंच गुण देतं का? युगांडातल्या 30 खेड्यांत झालेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. काही खेड्यांत आठ-दहा जणांचे गट 16 आठवडे, आठवड्यातून एकदा बसले. गट चालवणारे स्थानिकच होते, डॉक्टर नव्हते. घरातला मृत्यू, भांडण, आयुष्यातला मोठा बदल यांवर लोक बोलले, एकमेकांना वाट सुचवत गेले. गट नसलेल्या खेड्यांपेक्षा तिथलं नैराश्य कितीतरी जास्त ओसरलं. आपल्या गोव्यातही 'संगत' संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून असंच काम करून दाखवलं.

पण माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, त्या गटात जातीचं नाव घेता आलं पाहिजे. "आमच्या बंगालात जात नाही" असं इथे अभिमानाने सांगतात. मालकिणीने कप वेगळा ठेवला म्हणून जिचं मन मोडलं, तिला "चांगले विचार कर" असं सांगणं म्हणजे अपमान गिळायला शिकवणं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांत जातीवरून भेदभाव करायला मनाई करतो. मग उपचारात जातीबद्दल मौन का?

दुसरी, समुपदेशक बाईला पगार मिळाला पाहिजे. आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट सेवा केली. आता 'स्वयंसेविका' म्हणून पुन्हा तेच नको.

तिसरी, आजार बळावला तर डॉक्टर आणि औषध मिळालंच पाहिजे. श्रीमंतांना डॉक्टर आणि आपल्याला फक्त गट, ही नवी उतरंड आपण चालू देणार नाही.

गट वस्तीत बसू द्या. त्याचा खर्च सरकारने उचलावा, आणि तिथे काय बोलायचं ते वस्तीने ठरवावं.

जय भीम.